मुंबई बेटावरचं घर आणि मालकिणीचं कलम

अकलोलीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आमचं गाव तुम्हाला गरम पाण्याच्या कुंडांमुळे माहीत असतं. वज्रेश्वरीला आलात की तानसा नदीच्या काठाला उतरता, पाय शेकता आणि परतीची एसटी धरता. मागच्या वेळी आम्ही पापडाच्या हिशेबाबद्दल बोललो होतो. आज हिशेब नाही, आज एका घराची गोष्ट सांगायची आहे. घर मुंबईचं आणि फार जुनं. पण ती गोष्ट आम्हाला सापडली आमच्या मासिक बैठकीमुळे, म्हणून आधी ती बैठक ऐका.

श्रावणातली बैठक होती. हजेरी झाली, बचत गोळा झाली, अंतर्गत कर्जाचे हप्ते लिहून झाले. मग गटातल्या एका मावशींनी कर्जाची मागणी मांडली. पावसानं त्यांच्या घराची एक बाजू खचली होती, कौलं उतरवून पत्रे घालायचे होते. रक्कम मोठी होती. गटाच्या पेटीत तेवढे पैसे नव्हते, म्हणून बँकेकडून घ्यायचं ठरलं. कागदांच्या यादीत घराचा उतारा होता. मावशींनी पिशवीतून घडी घातलेला उतारा काढला. त्यावर नाव होतं त्यांच्या सासऱ्यांचं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, मावशींचे यजमानही आता नाहीत. मावशी म्हणाल्या, "घर माझंच ना गं बाई? रोज झाडते मी, सारवते मी, घरपट्टी मी भरते."

कुणी काही बोललं नाही. प्रत्येकीच्या मनात आपापला उतारा आला होता. पुढच्या बैठकीला सगळ्यांनी उतारे आणायचं ठरवलं. आम्ही अकरा जणी. स्वतःचं नाव असलेले उतारे निघाले दोन.

त्यानंतर महिनाभरानं आम्ही पापड-लोणच्याच्या प्रदर्शनासाठी मुंबईला गेलो. एका दुपारी वेळ होता, म्हणून फोर्ट बघायला निघालो. हॉर्निमन सर्कलपाशी टाऊन हॉलची ती मोठी पांढरी इमारत आहे, जिच्यात एशियाटिकचं ग्रंथालय आहे. तिच्या पायऱ्यांवर बसून आम्ही भाकरी सोडली. त्या इमारतीच्या मागे भिंत आहे, आणि भिंतीच्या आत नौदलाचं ठाणं. आत सोडत नाहीत. पण मुंबई नावाच्या शहराचं पहिलं मोठं घर त्या भिंतीच्या आत होतं. पुढे त्यालाच मुंबईचा किल्ला, इंग्रजीत बॉम्बे कॅसल म्हणू लागले. बीएला इतिहास घेतल्याचा आम्हाला तेव्हा उपयोग झाला. भाकरी खाता खाता या घराचे मालक मोजायला लागलो, आणि मोजता मोजता मावशींच्या उताऱ्यापाशी येऊन थांबलो.

तर ऐका. मुंबई तेव्हा एक शहर नव्हती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात बेटं होती. भरतीला मधून पाणी वाहायचं. कोळी मासे मारायचे, भंडारी माडाला चढायचे, कुणबी भात लावायचे. या लोकांच्या पिढ्या तिथं गेल्या होत्या, पण मालकी वर बदलत राहिली. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह यानं वसईच्या तहात वसई आणि ही सात बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली. म्हणजे आपल्या शेजारच्या वसईत एका कागदावर सही झाली, आणि बेटावरच्या कोळणीला कळायच्या आत तिचा राजा बदलला.

पोर्तुगीजांची रीत अशी होती की गावं, बेटं आपल्या माणसांना मक्त्यानं द्यायची. मक्तेदारानं वर्षाला ठरावीक फाळा भरायचा. त्या फाळ्याला ते 'फोरो' म्हणत. मुंबईतल्या फोरास रोडच्या नावात तो शब्द आजही आहे. घराची 'चावी' आणि महिन्याचा 'पगार' हे आपले रोजचे शब्दही त्यांच्याच भाषेतून आले. मुंबईचं बेट आधी मेस्त्रे दियोगो नावाच्या माणसाकडे होतं. मग १५५४ च्या सुमारास ते आलं गार्सिया द ऑर्टा या वैद्याकडे. फाळा होता वर्षाला चौदाशेच्या वर पार्दाव, आणि तो वसईला भरायचा. पार्दाव हे त्या काळचं नाणं.

हा ऑर्टा मोठा विलक्षण माणूस. घराणं मुळात ज्यू. स्पेनमधून १४९२ मध्ये ज्यूंना हाकललं, तेव्हा ते पोर्तुगालला आले. तिथं सक्तीनं ख्रिस्ती व्हावं लागलं. ऑर्टा वैद्यकी शिकला, १५३४ मध्ये जहाजानं गोव्याला आला आणि कायमचा इकडेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहालाही तो औषध द्यायचा. आपल्याकडच्या झाडपाल्यावर, मसाल्यांवर आणि औषधांवर त्यानं पोर्तुगीज भाषेत एक मोठा ग्रंथ लिहिला. तो १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. पुस्तक संवादाच्या रूपात आहे. पाहुणा प्रश्न विचारतो आणि ऑर्टा उत्तरं देतो. मधेच घरातली मोलकरीण आंतोनिया हे फळ आण, ते रोप दाखव असं म्हटलं की आणून देते. युरोपच्या वैद्यांनी तो ग्रंथ पुढे शंभर वर्षं वाचला. रोप ओळखून हातात आणून ठेवणारी आंतोनिया कोण, कुठली, हे मात्र कुणी विचारलं नाही.

त्या पुस्तकात मुंबईचे आंबे आहेत. बेटावरचा ऑर्टाचा खंडकरी त्याच्यासाठी आंबे घेऊन येतो असा प्रसंग आहे. माझ्या बेटावर वर्षातून दोनदा फळणारं आंब्याचं झाड आहे, असंही तो सांगतो. माझ्या बेटावर! मैत्रिणींनो, आख्खं मुंबई बेट त्याला आपल्या परसासारखं वाटायचं. बेटावरचं मोठं घर त्यानंच बांधलं, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. भोवती माड, आंबे आणि मोठी बाग.

ऑर्टा १५६८ मध्ये गोव्यात वारला. त्याच्यामागे त्याच्या घरच्यांचं जे झालं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गोव्यात तेव्हा इन्क्विझिशन बसलं होतं, म्हणजे धर्माची चौकशी करणारं न्यायालय. वरून ख्रिस्ती आणि आतून ज्यू असल्याच्या आरोपावरून ऑर्टाची बहीण कातारिना हिला धरलं आणि १५६९ मध्ये गोव्यात जिवंत जाळलं. १५८० मध्ये खुद्द ऑर्टाची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि तीही जाळली. आख्खं बेट ज्याच्या नावावर होतं, त्याला मेल्यावर साडेतीन हात जागाही राहिली नाही. मालकी किती कच्च्या धाग्यावर असते, ते यावरून कळतं.

घर मात्र उभं राहिलं. ऑक्टोबर १६२६ मध्ये इंग्रज आणि डच यांची जहाजं मिळून मुंबईवर आली. त्यांनी बेटावर उतरून लूट केली आणि मोठं घर पेटवून दिलं. त्या जहाजावरच्या एका इंग्रजानं टिपण करून ठेवलं आहे. त्यावरून दिसतं की ते नुसतं राहतं घर नव्हतं. वखार, मठ आणि गढी असं सगळं एकाच छपराखाली होतं. जाळपोळ करून जहाजं निघून गेली. घर पुन्हा सावरलं गेलं.

यापुढची मालकीण म्हणजे आमच्या गोष्टीतली खरी बाई. तिचं नाव दोना इग्नेझ द मिरांडा. नवरा दोम रोद्रिगो द मोन्सांतो वारला होता. बाई विधवा, आणि मुंबई बेटाची मालकीण. पोर्तुगीज तिला बेटाची मालकीणच म्हणत.

आता तिकडे युरोपात काय चाललं होतं ते बघा. पोर्तुगालला स्पेनची भीती होती आणि इंग्लंडची मदत हवी होती. म्हणून पोर्तुगालच्या राजघराण्यातली मुलगी, ब्रागांझाची कॅथरीन, हिचं लग्न इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी ठरवलं. २३ जून १६६१ रोजी लग्नाचा करार झाला. आंदण म्हणून भरपूर रोकड, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं टँजियर शहर आणि आपलं मुंबई बेट. लग्न पुढच्या वर्षी, १६६२ मध्ये लागलं.

मुंबई हुंड्यात गेली, हे आपण शाळेत शिकलोच. पण आमच्या गटात एकीनं विचारलं, "मग मुंबई त्या राणीची झाली का?" नाही झाली. करारात मुंबई मिळाली ती राजाला आणि त्याच्या वारसांना. जिच्या लग्नात हे आंदण गेलं, तिच्या नावावर मुंबईची वीतभर जमीन लागली नाही, आणि तिनं मुंबई कधी पाहिलीही नाही. हुंडा आजही तसाच चालतो. दागिने मुलीच्या अंगावरचे, गाडी मुलीच्या बापाची, आणि नाव कागदावर भलत्याचंच.

बेट ताब्यात घ्यायला १६६२ मध्ये इंग्रजांची जहाजं आली. बरोबर अब्राहम शिपमन हा अधिकारी आणि चारशेच्या आसपास शिपाई. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कागदातल्या चुका काढल्या आणि बेट द्यायचं नाकारलं. बेट हातचं जाऊ नये असंच त्यांना मनातून वाटत होतं. शिपमन आपले शिपाई घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसला. तिथं ना धड अन्न, ना औषध. तापानं माणसं पटापट गेली. १६६४ मध्ये शिपमनही वारला. चारशेतले शंभराच्या आसपास उरले. मग त्याचा चिटणीस हम्फ्री कूक यानं जानेवारी १६६५ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आंतोनियो द मेलो द कास्त्रो याच्याशी करार केला. मेलो द कास्त्रो मनापासून नाराज होता. ज्या दिवशी इंग्रज मुंबईत बसतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून जाईल, असं त्यानं आपल्या राजाला कळवलं होतं.

त्या करारातलं एक कलम इग्नेझबाईंसाठी आहे. आम्ही ते सोप्या मराठीत सांगतो. या मालकिणीच्या मिळकतीत ढवळाढवळ करायची नाही. ती हयात असेपर्यंत मिळकत तिच्याकडून घ्यायची नाही. तिच्या मागे वारसांकडे गेल्यावर इंग्रजांना हवी असेल तर वाजवी किंमत देऊन घ्यावी. आणि आत्ताच गढी बांधायला तिची घरं हवी असतील, तर तिला लगेच वाजवी किंमत मोजावी.

मैत्रिणींनो, दोन राजांच्या कागदात एका विधवा बाईच्या घरासाठी वेगळं कलम! आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. बाई हयात असेपर्यंत तिला घराबाहेर काढायचं नाही. आपल्या गावात किती जणींना कुणी हे लिहून दिलंय?

पण पूर्ण खरं सांगायचं तर त्याच करारातलं दुसरं कलमही वाचावं लागतं. पोर्तुगीजांच्या गावातले कुणबी, भंडारी आणि कामकरी लोक पळून मुंबईत आले, तर इंग्रजांनी त्यांना ठेवून घ्यायचं नाही, धरून त्यांच्या मालकांकडे परत पाठवायचं. म्हणजे मालकिणीचं घर राखलं, आणि त्याच शाईनं कुणब्याच्या पायात दावं घातलं. इग्नेझबाई विधवा होत्या, तशाच जमीनदारीणही होत्या. त्यांच्या माडाला चढणारा भंडारी आणि त्यांच्या शेतात वाकलेली कुणबीण यांना त्या कागदात घर नव्हतं, फक्त मालक होता. आमच्या गटात कुणबी आहेत, आगरी आहेत, आदिवासी मैत्रिणी आहेत. आमच्या पणज्या त्या दोन कलमांपैकी कुठल्या कलमात बसल्या असत्या, हे आम्हाला कळतं.

१८ फेब्रुवारी १६६५ रोजी ताबा दिला गेला. आणि ताब्याच्या कागदावर सह्या कुठं झाल्या? इग्नेझबाईंच्या मोठ्या घरात. कागदातच तसं लिहिलं आहे. कूकनं बेटावर चालून दाखवलं, हातात माती आणि दगड घेतले, बुरुजांवर फिरला, भिंतींना हात लावला. ताबा घ्यायची ती रीत होती. आपल्याकडे नव्या घराच्या उंबऱ्याला हात लावतात, शेताची माती कपाळाला लावतात, तसंच म्हणा. त्या वेळी बाई घरात कुठं उभ्या होत्या, कुणाशी काय बोलल्या, हे कागदात आलेलं नाही. आपल्याच घरात परके लोक भिंतींना हात लावून 'हे आता आमचं' म्हणताहेत, हे पाहणं कसं असतं, ते मात्र आमच्यातल्या काही जणींना सांगावं लागत नाही. नवऱ्याच्या तेराव्यानंतर दिरानं कपाटाला हात लावलेला त्यांनी पाहिला आहे.

लंडनला हा करार आवडला नाही. कूकनं फार सवलती दिल्या, असं म्हणून त्यांनी तो अमान्य केला. म्हणून आम्ही म्हणतो, कलम कागदावर येणं ही पहिली पायरी. ते पाळलं जातंय का, हे पुढे कुणीतरी बघत राहावं लागतं.

यापुढचे मालक भराभर सांगतो. राजाला मुंबई परवडेना, खर्चच फार. २७ मार्च १६६८ च्या सनदेनं त्यानं बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. भाडं वर्षाला १० पौंड, सोन्यात. सप्टेंबरमध्ये कंपनीनं ताबा घेतला. मग आला जेराल्ड आंजियर, १६६९ ते १६७७. त्यानं घराभोवती तट आणि बुरूज वाढवले, आणि घराचा किल्ला झाला. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील रायगडावर गेला, तो याच मुंबईहून. त्याच सुमारास जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मुंबईत आला होता. त्यानं लिहून ठेवलंय की इंग्रजांना घर मिळालं तेव्हा तिथं पितळेच्या चारच तोफा होत्या, पण बाग अशी की तिची कीर्ती साऱ्या हिंदुस्थानात. पुढे त्या बागेच्या जागी तोफांचे बुरूज उभे राहिले. ऑर्टाचे आंबे, इग्नेझबाईंची सावली, सगळं गेलं.

किल्ला झाल्यावर घरात शांतता राहिली नाही. १६८३ मध्ये कंपनीचाच अधिकारी रिचर्ड केजविन यानं बंड करून तो ताब्यात घेतला, आणि जवळजवळ वर्षभर राजाच्या नावानं कारभार केला. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान चालून आला. माझगाव, माहीम घेऊन त्यानं किल्ल्याला वेढा घातला. १६९० मध्ये तो परत गेला, तोवर इंग्रज आत कोंडलेले होते. पुढे शहराभोवतीच मोठा तट बांधला, त्याला अपोलो, चर्च आणि बाजार अशी तीन दारं होती. आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांच्याही पोटात गोळा आला. त्याच मोहिमेचा नवस फेडायला आपलं वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे आपल्या देवळाच्या पायऱ्या आणि मुंबईचा तो तट, दोन्ही एकाच काळाच्या धाकातून आलेले.

गव्हर्नर अठराव्या शतकात किल्ल्यातून बाहेर पडले. आधी फोर्टातच दुसऱ्या घरात, मग परळला, मग मलबार टोकाला. पण गंमत ऐका. मुंबई सरकारच्या पत्रांवर आणि ठरावांवर पत्ता मात्र 'बॉम्बे कॅसल' असाच छापला जात राहिला, अगदी विसाव्या शतकापर्यंत. तिथं कुणी राहत नव्हतं, कागद तेवढा जुनं नाव धरून बसला होता. हे वाचून आमच्या मावशी हसल्या. म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांचंच झालं की हे."

१८५८ मध्ये कंपनी गेली आणि इंग्लंडच्या राणीचा कारभार आला. १८६२ नंतर शहराचा तट पाडला, फोर्ट हे नाव तेवढं मागे राहिलं. १९४७ ला देश स्वतंत्र झाला. आज त्या जागेवर आपलं नौदल आहे, आणि त्या ठाण्याला १९५१ पासून नाव आहे आयएनएस आंग्रे. ज्या कान्होजी आंग्र्यांनी हयातभर मुंबईच्या इंग्रजांना समुद्रात स्वस्थ बसू दिलं नाही, त्यांचंच नाव इंग्रजांच्या किल्ल्याला लागलं. आत जुनं दार अजून आहे, त्याच्या बाजूंना पोर्तुगीज शिपायांच्या दगडी आकृत्या कोरलेल्या आहेत, आणि अंगणात एक दगडी सूर्यघड्याळ आहे. एवढ्या मालकांनंतर हे उरलं. इग्नेझबाईंचं नाव तिथं कुठं कोरलेलं नाही. ते राहिलं फक्त कागदात, कारण तेव्हा कुणीतरी ते लिहायला लावलं होतं.

मैत्रिणींनो, आता आपल्या घराकडे या. या भाषणासाठी आम्ही जे विचारून, वाचून घेतलं ते थोडक्यात सांगतो.

ग्रामपंचायतीत घराचा नमुना नंबर ८ चा उतारा मिळतो. त्यावर पती-पत्नी दोघांचं नाव लावता येतं, 'घर दोघांचे' या नावानं आपल्या राज्यात ही मोहीम झालेली आहे. पण लक्षात ठेवा, नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. म्हणून खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र जे काही असेल ते नोंदवलेलं आहे का, हेही बघायचं. गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका निघते. ती कोणाच्या नावानं निघतेय, ते आधी विचारा. नंतर बदलायला त्रास होतो. पंतप्रधान आवास योजनेतलं घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर मंजूर करायचं धोरण आहे.

नवरा मृत्युपत्र न करता वारला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई या सगळ्यांचा त्याच्या मिळकतीत सारखा हिस्सा असतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क आपल्या राज्यानं १९९४ मध्ये दिला, आणि साऱ्या देशात तो २००५ च्या दुरुस्तीनं आला. आदिवासी मैत्रिणींना हा कायदा जसाच्या तसा लागू नाही, मुस्लिम मैत्रिणींचा हिस्सा त्यांच्या कायद्यानं ठरतो. म्हणून ऐकीव माहितीवर सही करू नका. तालुका विधी सेवा समितीत बायकांना वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आणि भाऊबीजेच्या ओवाळणीत हक्कसोडपत्रावर अंगठा मागितला, तर एवढंच म्हणा, "दादा, गटात वाचून घेते, मग सांगते."

आम्हाला कुणी विचारलं, "ताई, नाव लावून काय होतं? घरात भांडणं लागतात." लागतात, हे खरं आहे. आमच्यातल्या एकीकडे लागलीही. पण नाव नसलं की भांडण होत नाही असं थोडंच आहे? भांडण होतंच, फक्त त्यात बाईकडे दाखवायला काही नसतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी राजे बेट देत-घेत होते, तरी एका विधवेसाठी त्यांना चार ओळी लिहाव्या लागल्या, कारण मालकीण म्हणून तिचं नाव आधीपासून कागदावर होतं. ज्यांचं नाव नव्हतं त्या कुणबिणी आणि भंडारणींसाठी कुणी तशा ओळी लिहिल्या नाहीत. आम्हाला तरी या घराच्या गोष्टीतून एवढंच कळलं.

आणखी एक. परतताना ठाण्याला एसटीची वाट बघत होतो, तेव्हा एक जण म्हणाली, "मुंबईवाले आपल्याच तानसाचं पाणी पितात, आणि आपण त्यांचा किल्ला बघायला जातो." खरंच आहे. तानसाचं धरण १८९२ चं, तेव्हापासून ते पाणी मुंबईला जातंय. त्या शहराचा इतिहास आपलाही आहे. तो आपण आपल्या उताऱ्याशेजारी ठेवून वाचला पाहिजे.

मावशींचं काय झालं ते ऐकून मग आम्ही रजा घेतो. गटानं पेटीतून जमेल तेवढं कर्ज दिलं, त्यात एका बाजूचे पत्रे झाले. दुसऱ्या बाजूला सध्या ताडपत्री आहे. सासऱ्यांच्या आणि यजमानांच्या मृत्यूचे दाखले काढले, वारसांची यादी केली. त्यात नणंदेचंही नाव मावशींनी स्वतः घातलं. "तिचाही हक्क आहे," म्हणाल्या. वारस नोंदीचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे. पोच घेतली आहे, तारखेसकट शिक्का आहे. ती पोच आम्ही गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत चिकटवली आहे, आणि दर बैठकीला हजेरीनंतर पहिला विषय तोच असतो.

तुम्हीही आज चूल आवरली की ट्रंक उघडा आणि उतारा काढा. नाव कोणाचं आहे ते वाचा. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या, म्हणजे तिलाही कळेल.